बॅगेत तीन बॉल, तरी तिसऱ्या गेमला एकही चालत नाही: लेआउटची तपासणी कुठून सुरू करावी

बोलिंग खेळणाऱ्यांकडून तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. पहिला गेम मस्त गेला. दुसऱ्यात पॉकेट, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पिनमधली जागा, सापडत होतं, पण 10 नंबरची पिन उभी राहायला लागली. तिसऱ्यात बॉल कधी थेट पहिल्या पिनच्या नाकावर, तर कधी पॉकेटला पोचलाच नाही. दुसरा बॉल काढला, तोही तसाच. तिसरा काढला, तोही तसाच. मग ठरतं, आता आणखी जोरदार हूकचा (वळणाचा) नवा बॉल घ्यायचा आणि त्याला एखाद्या नावाजलेल्या खेळाडूचा लेआउट, म्हणजे बॉलच्या आतल्या जड गाभ्याच्या (कोरच्या) हिशोबाने बोटांची भोकं कुठे पाडायची याची मांडणी, मारून घ्यायचा. दोन महिन्यांनी पुन्हा तीच तक्रार, फक्त बॅग आणखी जड झालेली.

या चक्रात मी दीड वर्ष घालवलं. माझा पहिला रिअ‍ॅक्टिव्ह बॉल (लेनवर जास्त पकड घेणाऱ्या कव्हरचा, म्हणजे बाहेरच्या थराचा) फार छान चालला, म्हणून पुढचे दोन्ही मी हट्टाने त्याच आकड्यांवर ड्रिल करून घेतले. तिन्ही बॉलची नावं वेगळी, रंग वेगळे, पण लेनवर तिघांचा स्वभाव एकच. लेन एकाला नकोशी झाली की तिघांनाही नकोशी व्हायची. मला वाटायचं माझा हात बिघडला. खरं तर मी एकच बॉल तीनदा विकत घेतला होता.

पुढे जे लिहिलंय ते उजव्या हाताने टाकणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलटी धरावी, बाकी सगळं तेच.

आधी ओळखा, बॉल कमी पडतोय की लवकर संपतोय

पॉकेटमध्ये बॉल लागूनही 10 नंबरची पिन उभी राहिली की बहुतेक जण एकच निदान करतात: हूक कमी पडला. अर्ध्या वेळा खरं कारण याच्या अगदी उलट असतं.

बॉल लेनवर तीन अवस्थांतून जातो. आधी तेलावरून घसरतो, मग वळतो, आणि शेवटी वळण संपून सरळ लोळतो. पॉकेटमध्ये शिरताना साधारण 6 अंशांचा कोन मिळाला तर पिना सगळ्यात चांगल्या पडतात. तेल जास्त असेल तर वळण पूर्ण व्हायच्या आत बॉल पिनांपाशी पोचतो, कोन कमी पडतो आणि 6 नंबरची पिन 10 च्या समोर गटरमध्ये मलूल पडून राहते. आता उलट बाजू बघा. लेन सुकलेली असेल तर बॉल फार अलीकडे वळतो, त्याच्या फिरकीची शक्ती 45-50 फुटांवरच खर्च होते आणि शेवटचा टप्पा तो नुसता लोळत जातो. धडक बसते, पण पिनांना लागून बॉल बाजूला ढकलला जातो आणि तीच 6 नंबरची पिन तशीच गटरमध्ये पडते. उरलेली पिन दोन्ही वेळा सारखीच दिसते, उपाय मात्र परस्परविरोधी आहेत. दुसऱ्या परिस्थितीत जास्त जोरदार बॉल काढला तर दुखणं वाढतं. माझं दीड वर्ष इथेच गेलं.

फरक ओळखण्यासाठी पिनांकडे बघू नका, बॉलच्या शेवटच्या पंधरा फुटांकडे बघा. धडकेच्या क्षणापर्यंत तो वळत असेल तर तो कमी पडतोय. वळून झाल्यावर सरळ रेषेत पिनांकडे जाताना दिसला तर तो लवकर संपलाय. डोळ्याला हे पकडता येत नसेल तर मागून मोबाइलवर शूट करा आणि सावकाश लावून बघा. आणखी एक खात्रीची चाचणी आहे. पाय दोन बोर्ड, म्हणजे लेनवरच्या दोन पट्ट्या, डावीकडे आणि नेम एक बोर्ड डावीकडे घ्या. धडक लगेच सुधारली तर समजा की आधीच्या रेषेवरचं तेल उडालंय, बॉलमध्ये खोट नाही.

एका लेनवर सगळं मिळून जेमतेम 20 ते 30 मिलिलिटर तेल असतं. आजचे रिअ‍ॅक्टिव्ह बॉल ते अक्षरशः पितात. चार-पाच जण एकाच रेषेवर दोन गेम खेळले की तिथला थर पार बदलतो. त्यामुळे तिसऱ्या गेमचा त्रास हा बहुतेकदा लेनचा त्रास असतो.

मग पृष्ठभाग

लेआउटवर बोलायला लोकांना आवडतं, कारण त्यात आकडे आहेत आणि गूढ आहे. पण यूएसबीसी या अमेरिकेतल्या नियामक संस्थेने बॉलच्या चालीवर केलेल्या अभ्यासात सगळ्यात मोठा प्रभाव पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा निघाला. कव्हरचं तेल शोषणंही वरच्या क्रमांकावर होतं. लेआउट हे शेवटचं बारीक समायोजन आहे. 500 च्या पॅडने (आकडा जितका लहान, तितका पॅड खरखरीत) घासलेला आणि पॉलिश केलेला एकच बॉल टाकून बघा. त्या दोन फेकींत जेवढं अंतर दिसेल, तेवढं दोन लेआउटमध्ये सहसा दिसत नाही.

घासलेला पृष्ठभाग टिकतही नाही. 2000 ने घासून आणलेला बॉल काही गेममध्येच लेनवर घासून गुळगुळीत होतो, आणि आपण म्हणतो की बॉल पूर्वीसारखा चालत नाही. खेळून झाल्यावर तो लगेच पुसायचा, बॉलसाठीच्या क्लीनरने धुवायचा, आणि साधारण 50-60 गेमनंतर आत मुरलेलं तेल काढून पृष्ठभाग नव्याने करून घ्यायचा. स्पर्धेत खेळत असाल तर पॅड फिरवायचा तो खेळ सुरू होण्याआधी. स्पर्धा चालू असताना पृष्ठभागाला हात लावणं नियमात बसत नाही.

हे सगळं करूनही तक्रार उरली तरच ड्रिलरकडे, म्हणजे भोकं पाडून देणाऱ्याकडे, जा.

पीएपी जुना असेल तर लेआउट खोटा पडतो

हातातून सुटताना बॉल ज्या अक्षाभोवती फिरतो, त्याचं बॉलच्या पृष्ठभागावरचं टोक म्हणजे पीएपी. ते ग्रिपच्या मध्यापासून उजवीकडे किती आणि वर-खाली किती, असं मोजतात. अनेकांचं मोजमाप 5 इंच उजवीकडे आणि अर्धा इंच वर याच्या आसपास येतं, म्हणून काही ठिकाणी मोजल्याशिवाय तेच धरून ड्रिल करतात. तसं करू देऊ नका. सगळा लेआउट या एका बिंदूपासून मोजला जातो. बिंदू चुकला तर पुढचं गणित कितीही नेटकं असो, बॉल भलत्याच कुणासाठी ड्रिल झालेला असतो.

माझ्या बाबतीत असंच झालं होतं. पहिल्या बॉलच्या वेळी माझा पीएपी 5 इंचांवर होता. नंतर अंगठ्याचं भोक सैल करून घेतलं, मनगटाची पकड बदलली आणि सोडण्याची पद्धत सुधारली. पुढे मोजलं तर तो सव्वाचार इंचांवर आला होता. पिन (इथे बॉलवरचा रंगीत ठिपका, उभी पिन नव्हे) ते पीएपी हे अंतर ड्रिल करताना साडेचार इंच धरलं होतं, ते आता प्रत्यक्षात पावणेचारच्या आसपास आलं. मला हवा होता थोडा उशिरा वळणारा बॉल, आणि हातात होता जवळजवळ जास्तीत जास्त फ्लेअर (दर फेऱ्याला बॉलचा नवा पट्टा लेनला लागणं) देणारा. तिन्ही बॉल लवकर का संपत होते, याचं निम्मं उत्तर इथे होतं.

मोजणं सोपं आहे. तेल असलेल्या लेनवर बॉल टाकला की त्यावर तेलाच्या रिंगा उमटतात. पहिल्या रिंगेवरून ड्रिलर त्याच्या साधनाने अक्ष शोधतो. खात्री करायची तर त्या जागी पांढऱ्या टेपचा लहान तुकडा लावा आणि सोडण्याचा क्षण शूट करा. बॉल सुटल्यावर लगेच टेप एका जागी स्थिर फिरताना दिसली तर जागा बरोबर. गोल गोल भटकत असेल तर थोडी सरकवून पुन्हा टाका. सोडण्याची पद्धत बदललीत, भोकांचं माप बदललंत किंवा दुखापतीनंतर परत खेळायला लागलात, तर हे पुन्हा करा.

याच वेळी वेग आणि फेरेही मोजून घ्या. सुटताना ताशी 17-18 मैलांचा वेग आणि मिनिटाला 325 ते 350 फेरे असतील तर दोन्ही साधारण जुळलेले आहेत. वेग जास्त आणि फेरे कमी असलेल्याला लवकर पकड घेणारा बॉल लागतो. फेरे भरपूर आणि वेग कमी असलेल्याला लांब जाणारा लागतो. एकाला लाभलेला लेआउट दुसऱ्याने उसना घेऊन उपयोग नसतो, तो याच कारणाने.

तीन आकडे काय करतात

ड्रिलर लिहून देतो ते उदाहरणार्थ 55 × 4.5 × 45 असं असतं. ही मो पिनेल यांची ड्युअल अँगल पद्धत. पहिला आकडा ड्रिलिंग कोन, मधला पिन ते पीएपी अंतर इंचांत, शेवटचा व्हीएएल कोन, म्हणजे पीएपीमधून जाणाऱ्या उभ्या रेषेशी पिनने केलेला कोन. इथे पिन म्हणजे बॉलवरचा तो रंगीत ठिपका, जो आतल्या कोरचं टोक कुठे आहे ते दाखवतो.

मधल्या आकड्यापासून सुरुवात करू, कारण त्याचा प्रभाव सगळ्यात स्पष्ट दिसतो. बॉलचा घेर जवळपास 27 इंच, त्याचा पाव भाग पावणेसात इंच. पिन पीएपीवरच असेल किंवा त्यापासून पावणेसात इंचांवर असेल, तर कोर स्थिर असतो आणि फ्लेअर जवळजवळ होतच नाही. बरोबर मध्ये, 3 3/8 इंचांवर, कोर सगळ्यात अस्थिर असतो आणि फ्लेअर सगळ्यात जास्त. फ्लेअर म्हणजे प्रत्येक फेऱ्याला बॉलचा नवा, कोरडा पट्टा लेनला लागणं. तेलात पकड मिळते ती त्यामुळे. शिवाय पिन पीएपीच्या जवळ आली की बॉल लवकर फिरू लागतो, लांब गेली की उशिरा. त्यामुळे साडेपाच इंच आणि सव्वा इंच यांचा फ्लेअर सारखाच कमी असला तरी चाल सारखी नसते. पहिला लांब घसरत जातो, दुसरा लवकर लोळू लागतो.

व्हीएएल कोन लहान, म्हणजे 25-35 अंश, ठेवला की पिन बोटांच्या वर जाते आणि बॉल वळताना पटकन, धारदार वळतो. 60-70 केला की पिन बोटांच्या खाली येते आणि वळण सावकाश, गोलसर होतं. ड्रिलिंग कोन लहान असेल तर वळणाची सुरुवात अलीकडे, मोठा असेल तर पलीकडे. पण हा पहिला आकडा खरा बोलतो तो असिमेट्रिक बॉलवर, ज्याच्या कोरला पिनशिवाय दुसरी एक जड बाजूही असते. सिमेट्रिक बॉलवर त्यासाठी फार डोकं शिणवू नका. तिथे पिनची जागाच बहुतेक काम करते.

लेनकडे बघून काय निवडायचं

पॅटर्नची, म्हणजे लेनवर टाकलेल्या तेलाच्या थराची, लांबी फुटांत माहीत असेल तर त्यातून 31 वजा करा. 41 फुटांच्या पॅटर्नला बॉल साधारण 10 व्या बोर्डापाशी (उजव्या कडेकडून मोजून) तेलातून बाहेर पडून वळायला हवा, 36 फुटांना 5 व्या, 45 फुटांना 14 व्या. हा अंदाज आहे, कायदा नाही. पण लेआउट निवडताना पहिला प्रश्न हाच: बॉल वळल्यावर त्याला पिनांपर्यंत किती कोरडी लेन मिळणार? लेनची लांबी 60 फूट. 36 फुटांच्या पॅटर्नला 24 फूट मोकळे मिळतात, 45 फुटांना फक्त 15.

लांब आणि जाड तेलावर त्या 15 फुटांत सगळं उरकायचं असतं. तिथे घासलेला पृष्ठभाग, साडेतीन ते सव्वाचार इंच पिन अंतर, आणि बॉल असिमेट्रिक असेल तर 40-50 चा ड्रिलिंग कोन मला लाभतो. इथे अनेक जण चकचकीत बॉलला पिन उंच ठेवून पलीकडून मोठं वळण शोधतात. बॉलची पकडच बसत नाही आणि तो पॉकेटच्या पुढून निघून जातो.

छोट्या पॅटर्नचा स्वभाव याच्या उलट. 24 फूट कोरडी लेन मिळाल्यावर कोणताही बॉल वळतो, तो आवरणं हेच काम. फ्लेअर कमी ठेवा: पिन अंतर 5 ते साडेपाच, पिन बोटांखाली, कोर सिमेट्रिक आणि कमी ताकदीचा. युरेथेनचा, कमी जोराने वळणाऱ्या कव्हरचा बॉल इथे शोभतो, गटरच्या जवळून सरळसा. फक्त तो तेल पुढे ओढत नेतो हे विसरू नका. दोन गेमनंतर बॉल वळायच्या जागेपुढे घसरू लागला तर तो परिणाम त्याच तेलाचा असतो.

रोजच्या खेळासाठी टाकलेल्या तेलात मध्ये थर जाड आणि कडेला अगदी पातळ असतो. चूक झाली तरी लेन सांभाळून घेते, पण एक ठरलेला त्रास देते. बॉल एक बोर्ड बाहेर गेला की झपकन आत येतो, एक बोर्ड आत राहिला की घसरत जातो. या कमी-जास्त वळणावर धारदार लेआउट म्हणजे आगीत तेल. पिन खाली आणा, व्हीएएल कोन 55-65 करा, पृष्ठभाग थोडा घासा. वळण कमी नाट्यमय दिसेल, पण बॉल एकाच जागी लागायला लागेल. स्पर्धांमधल्या सपाट पॅटर्नलाही मी याच कुळातला बॉल आधी काढतो, कारण तिथे कडेला मदत नसते आणि चाल ओळखीची असणं महत्त्वाचं.

आता सुकलेली लेन, म्हणजे आपल्या तिसऱ्या गेमचं दुखणं. इथे दोन गोष्टी हव्या असतात आणि त्या एकमेकींशी भांडतात. बॉलने अलीकडच्या सुक्या भागातून न अडखळता जायला हवं, आणि आपण डावीकडे सरकून खेळतोय म्हणून पलीकडे पोचल्यावर वळायलाही हवं. लेआउटचा खरा उपयोग मला इथे दिसतो. चकचकीत कव्हर, पिन अंतर पावणेपाच ते सव्वापाच, पिन बोटांच्या वर, व्हीएएल कोन 30-35, असिमेट्रिक असेल तर ड्रिलिंग कोन 70 च्या पुढे. माझा सध्याचा तिसऱ्या गेमचा बॉल जुना सिमेट्रिक आहे, असाच ड्रिल केलेला. दुकानात तो सगळ्यात साधा समजला जायचा, आणि बॅगेतला सगळ्यात उपयोगी तोच आहे.

हे आकडे वेग आणि फेरे जुळलेल्या खेळाडूचे आहेत. फेरे जास्त असतील तर पिन अंतर सगळीकडे अर्धा इंच वाढवून विचार करा, वेग जास्त असेल तर तेवढंच कमी.

बॅग भरायची तर मी मधल्या बॉलपासून सुरू करेन: साडेचार इंच, पन्नाशीच्या आसपासचे कोन, 2000-3000 चा पृष्ठभाग. पहिल्या फेकीला हाच. तो लवकर वळला तर काय काढायचं आणि उशिरा वळला तर काय, एवढ्या दोन प्रश्नांना दोन बॉल. पिनचे ठिपके तिघांवर वेगळ्या जागी दिसले पाहिजेत. स्पेअरसाठी, म्हणजे पहिल्या फेकीनंतर उरलेल्या पिना पाडायला, प्लास्टिकचा बॉल वेगळा, त्याला लेआउटची चिंता नाही.

आधीच ड्रिल झालेल्या बॉलचं काय

पूर्वी चाल आवडली नाही की ड्रिलर बाजूला एक जादा भोक पाडून फ्लेअर कमी-जास्त करून द्यायचा. यूएसबीसीने 1 ऑगस्ट 2020 पासून ते बंद केलं. आता प्रत्येक फेकीला ज्यात बोट किंवा अंगठा जातो तेवढीच भोकं बॉलवर चालतात. जुना बॉल तशा भोकासह स्पर्धेत आणता येत नाही, ते बुजवावं लागतं, आणि बुजवल्यावर चाल बदलते. त्याच वेळी बाजूंमधल्या वजनाच्या फरकाची मर्यादा 10 पौंडांवरच्या बॉलसाठी 3 औंसांपर्यंत वाढवली, त्यामुळे पूर्वी नियमात न बसणारे काही लेआउट आता मोकळे झाले.

याचा एक परिणाम लक्षात ठेवा: ड्रिलिंगनंतर सुधारण्याची जागा फारच थोडी उरली आहे. अंगठ्याचं भोकही बरंच वजन काढतं. ते कुठे आणि किती खोल यावर कोरचा समतोल ठरतो, त्यामुळे सिमेट्रिक बॉलसुद्धा ड्रिल झाल्यावर थोडा असिमेट्रिक होतो. अंगठा न घालणाऱ्यांच्या बॉलमधून हे वजन जातच नाही. म्हणून त्यांनी अंगठ्यासह खेळणाऱ्याच्या बॉलची चाल बघून निर्णय घेऊ नये.

लेआउट खरंच चुकला असेल तर क्रम असा ठेवा: आधी पॅड, मग पॉलिश, मग रेष आणि वेग. एवढ्यानेही जमलं नाही तर भोकं बुजवून नव्याने ड्रिलिंग. एक दोष मात्र पॅडने कधीच जात नाही. बॉल जाताना ठक-ठक आवाज येत असेल तर तेलाच्या रिंगा बघा. त्यातली एखादी बोटाच्या किंवा अंगठ्याच्या भोकावरून जात असेल तर भोकाची कड दर फेऱ्याला लेनवर आदळतेय आणि बॉलची दिशा हलतेय. असा बॉल घासत बसू नका. रिंगांसकट, न पुसता, तसाच ड्रिलरकडे घेऊन जा. नवा लेआउट कुठे मारायचा हे त्याला त्या रिंगांवरूनच मोजता येईल.